बत्ताशाचं अभ्यंगस्नान

साल एकोणीसशे पंचावन्न. कुणाला शंका असेल तर त्याने जुनं पंचांग काढून बघावं. त्या साली भाद्रपद दोन आले होते, त्यामुळे दिवाळी जवळजवळ महिनाभर लांबली. हा महिना कुणाला जाणवला असेल नसेल, अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या दिनानाथरावांना मात्र एकेक दिवस मोजून जाणवला. त्यांच्या एकुलत्या एक उमाचं लग्न वैशाखात झालं होतं. ती नागपूरला होती आणि पहिल्या दिवाळसणाला यायची होती.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. जावयाला रजा मिळाली नाही, म्हणून शेजारच्या कमळाबाईंकडून अनारसे करवून घेऊन दिनानाथरावांनी ते पार्सलने पाठवले. जावई नोकरीला पोस्टात. त्याच्याच खात्याने त्याला सासरचं वाण चुरा करून दिलं. "चुरा फार चविष्ट होता," असं त्याचं कार्ड आलं. जावई गुणी होता, यात वादच नाही.

उमा सासरी गेली तेव्हा घरात तीन वस्तू उरल्या. एक, दोन खोल्यांचं क्वार्टर. दोन, शिसवी फणी. आणि तीन, बत्तासा. बत्तासा म्हणजे पांढराशुभ्र ससा. तीन वर्षांपूर्वी शिवमंदिराच्या जत्रेतून उमाने तो आणला होता. तिच्या दर पत्राचा शेवट ठरलेला असे : "बत्ताशाला जपा." दिनानाथराव पत्र उलटंसुलटं करून बघत. 'तुम्ही स्वतःला जपा' हे वाक्य कुठे समासात तरी असेल, असं त्यांना वाटे. नसे. ते पत्राची घडी घालून सशाला म्हणत, "जपतोय हो साहेब तुम्हाला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पत्र आलं, त्यात मात्र एक नवी ओळ होती. "सासूबाईंनी होकार दिला आहे. दिवाळीहून परतताना बत्ताशाला घेऊन जाईन. टोपली विणून ठेवायला सांगा."

दिनानाथरावांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. मुलीची वस्तू, मुलगी नेणार, यात बोलण्यासारखं काय होतं? फक्त त्या संध्याकाळी त्यांनी चहा दोन कपांत ओतला, आणि दुसऱ्या कपाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

संध्याकाळी सहा ते सात हा तास त्या घरात वेणीचा होता. बायको गेली तेव्हा उमा दहा वर्षांची. कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाची चूक पकडणारा हा माणूस सुरुवातीला मुलीच्या वेण्या अशा घालायचा, की शाळेत पोरी तिला 'सुतळी' म्हणत. पण माणूस तपासणी खात्यातला. त्याने तीन पेडांचं रीतसर मोजमाप केलं आणि महिन्याभरात अशी वेणी जमवली की कॉलनीतल्या बायका आपल्या पोरींना म्हणू लागल्या, "जा, दिनाकाकांकडून घालून घे." आठ वर्षं हे चाललं. वैशाखापासून तो तास नुसता पायरीवर येऊन बसू लागला.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच पायरीवर, बत्ताशाच्या पाठीवरून हात फिरवताना दिनानाथरावांच्या मुठीत बत्ताशाची पाठ आली.

म्हणजे पाठीवरचे केस. मूठभर. त्यांनी घाबरून दुसरा हात फिरवला, तर दुसऱ्या मुठीतही तेवढेच. दिवाळीला अठरा दिवस होते, आणि मुलीची ठेव त्यांच्या हातांत पिंजलेल्या कापसासारखी सुटत होती.

मागची दोन वर्षंही ससा असाच केस टाकत असणार. पण तेव्हा झाडलोट उमा करायची आणि दिनानाथराव पेपर वाचायचे. पेपरात हे कधी आलं नव्हतं.

पहिला सल्ला भांडीवाल्या कौसाबाईने दिला. ती जवळच्या गावची, शेतकरी घरातली. कमरेवर हात ठेवून तिने सशाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "साहेब, याला काय जाला नाय. पन आता बरा दिसतंय तवर रस्सा करा. आमच्यात करतान. मंग नुसती हाडाच उरतील."

"कौसाबाई, हा उमाचा ससा आहे!"

"मंग उमाताई येतील तवा करा," कौसाबाई म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

दुसरा सल्ला कुंपणापलीकडून आला. कमळाबाई मनाने चांगल्या, फक्त त्यांचं मन फार जोरात बोलायचं. त्या म्हणाल्या, "भावजी, हा रोग नाही. ध्यास आहे ध्यास! पोर सासरी गेली की मुक्या जनावराला सुद्धा लागतं. आमच्या माहेरी आत्या सासरी गेली तर गाय आटली होती."

"पण ती जाऊन सहा महिने झाले, वहिनी."

"काहींना उशिरा लागतं," कमळाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सशाकडे न बघता दिनानाथरावांकडे बघितलं. दिनानाथराव घाईघाईने आत गेले.

आतून त्यांनी ती शिसवी फणी आणली. सहा वाजले होते. त्यांनी बत्ताशाला मांडीवर घेतलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने विंचरायला सुरुवात केली. आता सांगायला हरकत नाही, त्या माणसाला त्या संध्याकाळी बरं वाटलं. हातांना काम मिळालं. सात कधी वाजले ते कळलंच नाही.

केस मात्र वाऱ्याला कळले. ते उडून गेले सरळ कमळाबाईंच्या स्वयंपाकघरात. तिथे फराळाचा पहिला घाणा चालला होता. दुसऱ्या दिवशी कमळाबाईंचे यजमान चिंतामणराव चकली चावता चावता थांबले. त्यांनी तोंडातून एक लांब पांढरा केस हळूहळू ओढून काढला आणि उजेडात धरला. "हा माझा नाही," ते म्हणाले. चिंतामणरावांना पूर्ण टक्कल होतं, त्यामुळे या विधानाला पुरावा लागला नाही.

चिंतामणराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी तीन प्रतींत लेखी तक्रार केली आणि एक प्रत स्वतः कुंपणावरून दिनानाथरावांना दिली. "राग मानू नका. शेजार वेगळा, कागद वेगळा. संध्याकाळी पत्ते खेळायला या."

इकडे फणीचे दात दाट, सशाचे केस बारीक. फणी भरून जाई. म्हणून रविवारी दिनानाथराव उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात गेले. तिथे सिंधी लधारामचं कंगवे, ब्रश आणि आरशांचं छोटं दुकान होतं. दुकान कसलं, निर्वासितांच्या बराकीची एक खिडकी. लधारामने सगळी हकीकत शांतपणे ऐकली.

"साईं, बाल तो गिरेगा. मौसम है उसका. पुराना जाएगा, नया आएगा." त्याने मऊ केसांचा एक ब्रश पुढे सरकवला. "ये लो. रोज थोड़ा, धीरे धीरे. हाथ ज़रा गीला करके फेरो, बाल उड़ेगा नहीं. लेकिन एक बात. पानी में मत डालना. तेल भी मत लगाना. कभी नहीं."

दिनानाथरावांनी ब्रश घेतला, पण सल्ला घेतला नाही. जो माल विकतो त्याचा सल्ला घेऊ नये, हा तपासणी खात्याचा पहिला नियम. एवढा अनुभवी आणि शहाणा सल्ला केवळ दुकानदाराने दिला म्हणून फुकट गेला. आपल्या लोकांचं असंच आहे. सल्ला देणाऱ्याकडे विकायला काही नसलं, की आपण त्याला ज्ञानी समजतो.

दरम्यान चिंतामणरावांच्या तक्रारीला पाय फुटले. वसाहत कचेरीतून नोटीस आली : क्वार्टरात विनापरवाना जनावर. दिनानाथरावांची बावीस वर्षांची नोकरी, आजवर एक शेरा नाही, आणि आता 'जनावर'! ते इस्त्रीचा कोट घालून कचेरीत गेले. कारकुनाने छापील अर्ज काढला. त्यात रकाने होते गाय, म्हैस, कुत्रा आणि कोंबड्या.

"ससा कुठे लिहू?" दिनानाथरावांनी विचारलं.

कारकुनाने पेन कानात घातलं आणि विचार केला. "दूध देतो?"

"नाही."

"राखण करतो?"

"राखण? दार वाजलं तर कॉटखाली जातो."

"मग कोंबड्यांत घाला."

"अहो, पण खाली अंड्यांची संख्या विचारलीय."

"निरंक लिहा. सरकारला निरंक चालतं, मोकळी जागा चालत नाही. आणि हे केस गळतात म्हणे? मग संसर्गजन्य रोग नसल्याचा दाखला जोडा."

दाखल्यासाठी दिनानाथराव अर्धी रजा टाकून कल्याणच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. बत्तासा पिशवीत. डॉक्टर फिरतीवर होते. बैलांच्या रांगेत तीन तास उभं राहिल्यावर कंपाउंडरने पिशवीत डोकावून बघितलं. त्याला पिशवीतून औषधाची बाटली निघेल असं वाटलं होतं, निघाले दोन कान. "एवढ्यासाठी आलात?" तो म्हणाला. त्याने म्हशीच्या खरजेचं गंधकाचं मलम दिलं आणि दाखल्यावर लिहिलं : 'एक लहान जनावर. उपचार चालू.'

मलम लावल्यावर बत्तासा पिवळा झाला. त्यात मधले मधले केस गेलेले, त्यामुळे तो दुरून अर्धवट सोललेल्या कणसासारखा दिसू लागला. कौसाबाईने एकच वाक्य उच्चारलं, "आता रस्सा बी नको."

वसुबारस आली. उमा यायला एकच दिवस उरला. दिनानाथराव पायरीवर डोकं धरून बसले होते. पोर विचारील, बाबा, एवढं एकच सांगितलं होतं, तेही झालं नाही तुमच्याकडून? त्यांच्या मनात आणखीही एक विचार येऊन गेला : ससा असा दिसला तर ती कदाचित नेणार नाही. या विचाराची त्यांना इतकी शरम वाटली, की ते उठून उभे राहिले आणि काहीतरी केलंच पाहिजे अशा तयारीने कुंपणाशी गेले.

कमळाबाई चकल्यांचा राग विसरल्या होत्या. "त्यात काय एवढं! नरकचतुर्दशीला आपण काय करतो? तेल आणि उटणं! वर्षाचा मळ निघतो, कांती उजळते. जनावर झालं म्हणून काय, कातडी ती कातडीच. आणि भावजी, जावयाला तेल कोण लावणार आहे? घरात बाईमाणूस नाही, तुम्हालाच लावायचंय. तेवढीच तुमची तालीम होईल."

हा युक्तिवाद बिनतोड होता. दिनानाथरावांनी पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी घातली नाही, एवढंच. वाटीत कोमट तिळेल, दुसऱ्या वाटीत दुधात कालवलेलं सुवासिक उटणं, घंगाळात ऊन पाणी. तेल लावेपर्यंत बत्ताशाने सहन केलं, कारण ते बोट हलकं होतं. उटणं लावलं मात्र, आणि गळके केस, तेल, गंधक आणि उटणं यांचा असा काही लगदा झाला की त्याने खिडकीची काच बसवावी. हा लगदा धुण्यासाठी दिनानाथरावांनी पाण्याचा पहिला तांब्या ओतला.

सशाला आवाज नसतो असं म्हणतात. असतो. बत्तासा किंचाळला, हातातून निसटला, कुंपणाखालून पलीकडे गेला आणि कमळाबाईंच्या करंज्यांसाठी चाळून ठेवलेल्या मैद्याच्या परातीत जाऊन पडला. चिंतामणराव तिथेच बसून चकल्या मोजत होते. परातीतून एक पांढरी, लांब कानांची, थरथरणारी आकृती उठताना बघून त्यांनी भीमरूपी म्हणायला सुरुवात केली.

हसण्याचा भाग इथे संपला. मैदा पुसल्यावर बत्तासा निम्मा होऊन बसला होता. तेलाने अंगाला चिकटलेले केस, आत मुठीएवढा जीव, आणि तो जीव थरथरत होता. गवत पुढे धरलं तर तोंड फिरवी. दिनानाथरावांनी बायकोची जुनी शाल काढली, त्यात त्याला गुंडाळलं आणि शेगडीजवळ बसून राहिले. कमळाबाई दोनदा आल्या, एकदा काही बोलल्या आणि एकदा काहीच बोलल्या नाहीत. कमळाबाईंचं न बोलणं त्या कॉलनीत प्रथमच ऐकू आलं.

सकाळी, धनत्रयोदशीला, दिनानाथराव टांगा करून थेट दोन नंबर कॅम्पात पोचले. वर्षातला सगळ्यांत गर्दीचा दिवस. लधारामच्या खिडकीवर गिऱ्हाइकं लोंबकळत होती. दिनानाथरावांनी शाल उघडली.

लधारामने बघितलं. "तेल?"

दिनानाथरावांनी मान खाली घातली.

"पानी भी?"

मान आणखी खाली गेली. लधारामने गिऱ्हाइकांना "एक घंटा बाद" असं सांगून फळी लावली. आतून मक्याचं पीठ आणलं, सशाच्या अंगावर भुरभुरलं, पिठाने तेल ओढून घेतलं की ब्रशने झाडलं, पुन्हा भुरभुरलं. चार वेळा, पाच वेळा. दिनानाथराव शिसवी फणीने गाठी सोडवत होते. दोन पुरुष, एक सिंधी एक मराठी, ऐन सणाच्या दिवशी एका सशावर वाकून बसले होते.

"तुम्हाला हे कसं माहीत?" दिनानाथरावांनी विचारलं.

"उधर सिंध में, शिकारपुर में, चार थे अपने पास. बच्चों के. शाम को कंघी मैं ही करता था." लधाराम ब्रश झाडत राहिला. "निकले तब चाबी पड़ोसी को दी. खरगोश भी. बोला, महीने भर में आते हैं." मग पिठाची नवी चिमूट घेता घेता तो म्हणाला, "उसको भी पानी का बताके आया था. पता नहीं, सुना कि नहीं सुना."

दुपारच्या आत बत्ताशाने लधारामच्या हातातून मुळ्याचं पान ओढलं आणि कर्रकर्र खाल्लं. दिनानाथरावांनी रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

उमा आली. लुगडं, अंबाडा, हातभर चुडा, आणि चालण्यात एक नवीनच जपणूक. बत्ताशाला बघून ती खो खो हसली. "बाबा, हा एका बाजूने म्हातारा आणि एका बाजूने लहान कसा झाला?" जावयाने सशाला अर्धा दिवस मांडीवर घेतलं. पहाटेच्या अभ्यंगाला सासऱ्याच्या हाताखाली त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "हात हलका आहे हो तुमचा." तालीम वाया गेली नव्हती.

दिवाळसणाचा आहेर म्हणून दिनानाथरावांनी जावयाला स्वतः करवलेली एक उशी दिली. अठरा दिवसांचे केस त्यांनी फेकले नव्हते. कौसाबाईने वर शेवरीचा कापूस, आत ते, असं भरून ती शिवली होती. आत काय आहे ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मुलीच्या संसारात आपल्या पायरीवरचं काहीतरी असावं, एवढाच त्यांचा विचार.

त्या उशीवर डोकं ठेवल्यापासून जावयाला ज्या शिंका लागल्या त्या उजाडेपर्यंत थांबल्या नाहीत. चिंतामणरावांनी त्या कुंपणापलीकडून मोजल्या, एकशे चौदा. दुसऱ्या रात्रीही तेच. सुजलेल्या नाकाने जावई म्हणाला, "बहुतेक ससा बाधतो मला. नागपूरला न्यायला जमेलसं वाटत नाही."

जायच्या दिवशी सामान बांधताना उमाने उशी हातात घेतली, नाकाशी नेली आणि बापाकडे बघितलं. "बाबा, दिवसभर ससा यांच्या मांडीवर असतो, तेव्हा यांना एक शिंक येत नाही. या उशीत काय भरलंय?"

हजाराव्या भागाची चूक न खपवणारा माणूस खोटं कसं बोलणार? "बत्तासा," दिनानाथराव म्हणाले. "पावशेर तरी असेल. वर थोडं गंधक. ही उशी इथे ठेव आणि त्याला खुशाल घेऊन जा. टोपली तयार आहे."

टोपली खरोखरच कोपऱ्यात तयार होती. आत गवत अंथरलेलं. तिच्या बाजूला शाल घडी करून ठेवलेली, आणि ओट्यावर धुवून उपडा घातलेला एकच कप. तिघांचा चहा होऊनही बाहेर ठेवलेला फक्त दिनानाथरावांचा. बाकीचे दोन फडताळात मागे सारलेले. उमाने ते बघितलं.

"यांना सांगू नका," ती हळूच म्हणाली. "ससा बाधतो यांना, असंच राहू दे."

मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसली, बापाकडे पाठ करून. अंबाडा सोडला. "गाडीला तास आहे. वेणी घालून द्या. या अंबाड्याने मान दुखते माझी."

दिनानाथरावांनी फणी आणली. ती कितीही धुतली तरी तिच्या मुळाशी थोडा बत्तासा राहिलाच होता. त्यांनी तीन पेड केले. एक पेड केसभर जाड आला, पण तपासणीत पास होईल इतपत.

पुढचं थोडक्यात सांगते. चिंतामणराव निवृत्त होऊन बदलापूरला राहायला गेले आणि तिथल्या नगरपालिकेला तीन प्रतींत सुखाने लिहीत राहिले. कमळाबाईंनी पुन्हा कुणाच्या जनावराबद्दल सल्ला दिला नाही. माणसांबद्दल देत राहिल्या. कौसाबाईने स्वतःच ससे पाळले, आणि पुढे रस्सा करायला तिचं मन होईना. लधारामचं पुढे चार नंबर कॅम्पात मोठं दुकान झालं. दर धनत्रयोदशीला दिनानाथराव तिथे एक ब्रश विकत घेत. घरात पुढे पुढे ब्रशच ब्रश झाले. जावई पोस्टमास्तर झाला, आणि ससा दिसला की अजून रुमाल काढतो. उमाला दोन मुली झाल्या, दोघींचे केस दाट. बत्तासा साठ सालच्या थंडीत, पायरीवर, फणीखाली असतानाच गेला.

आणि क्वार्टरात ससा पाळायची परवानगी आली ती एकसष्ट साली. सही-शिक्क्यासह, कोंबड्यांच्या रकान्यात. 'दरवर्षी नूतनीकरण न केल्यास रद्द समजण्यात येईल.' दिनानाथराव सेवानिवृत्त होईपर्यंत दर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोट घालून कचेरीत जात आणि अर्ज भरत. अंडी : निरंक. शेवटचा रकाना होता, 'जनावर हयात आहे काय?' बावीस वर्षांत आणि त्यानंतरही ज्याने कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नाही, तो माणूस तिथे थोडा थांबे, चष्मा पुसे, आणि सुवाच्य अक्षरात 'होय' लिही.